बुरशी, स्पिरिट आणि दादाच्या चार फ्लॉप्या

मंडळी, बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही, त्याला कारण दादाच्या फ्लॉप्या. गणपतीनंतर माळा आवरताना बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सापडल्या. सव्वापाच इंची, काळ्या, वाकणाऱ्या. लेबलवर दादाच्या अक्षरात 'आठवणी १ ते ४' आणि साल १९९२. दादा जाऊन सोळा वर्षं झाली. आईबद्दल काहीतरी लिहून ठेवलंय एवढंच तो म्हणाला होता. छापील प्रत कुणाकडेच नाही.

वर्सोव्याला समुद्राकाठी राहणाऱ्यांना सांगायला नको, इथे पावसाळ्यात चपलांनाही बुरशी येते. फ्लॉपीच्या खिडकीतून पाहिलं, तर तबकडीवर पांढरे ठिपके!

माझ्या भाच्याला जुन्या यंत्रांचं वेड आहे. त्याने लॅमिंग्टन रोडवरून एक जुना ड्राइव्ह पैदा केला आणि काम करता करता मला इतिहास शिकवला (शिक्षकालाच!). आयबीएमचा पहिला डिस्क ड्राइव्ह १९५६ चा. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या, आणि मावायची फक्त पन्नास लाख अक्षरं. १९७१ मध्ये आठ इंची फ्लॉपी आली, १९७६ मध्ये शुगार्ट कंपनीची सव्वापाच इंची. आपल्याकडे १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' प्रकल्पातून काही शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. आमच्या शाळेत संगणक आला तो पुष्कळ नंतर, आणि त्या खोलीबाहेर चपला काढायची सक्ती होती. देवघरच जणू. असो.

दादाने मराठीत टंकलं होतं ते कचेरीतल्या 'जिस्ट' कार्डावर. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेलं हे काम मोहन तांबे आणि सहकाऱ्यांनी पुण्याच्या सी-डॅकमध्ये पुढे नेलं. हे कार्ड बसवलं की साध्या डॉसवरच्या वर्डस्टारमध्येही देवनागरी उमटे.

आता सफाई. फ्लॉपी ड्राइव्हचं हेड तबकडीला प्रत्यक्ष टेकतं. (हार्ड डिस्कचं तरंगतं, म्हणून ती घरी उघडायची नाही.) त्यामुळे तबकडीवरची घाण हेडला लागते आणि तिथून पुढच्या फ्लॉपीला. भाच्याने आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने वरचं-खालचं हेड हलक्या हाताने पुसलं. हेड ज्या दांड्यांवरून सरकतं, त्यांवरचं ग्रीस वाळून चिकट झालं होतं, ते काढून नवं लावलं. फ्लॉपीचं पाकीट कडेने कापायचं, तबकडी कोमट पाण्यात साबणाच्या थेंबाने धुवायची, शुद्ध पाण्याने खळबळायची, पूर्ण वाळवून दुसऱ्या स्वच्छ पाकिटात घालायची. मला वाटलं थट्टा करतोय. पण तीन फ्लॉप्या अशा धुतल्या आणि तिन्ही वाचल्या गेल्या. जुन्या इस्की संकेतातलं लिखाण त्याने युनिकोडमध्ये आणलं, आणि पडद्यावर दादा बोलू लागला.

दादाच्या कॉलेजसाठी आईने पाटल्या मोडल्या हे ठाऊक होतं. त्यातली एक तिने मागे ठेवली आणि पुढे माझ्या बीएच्या फीसाठी विकली, हे मला पंचाहत्तराव्या वर्षी कळलं.

मग मला धीर धरवेना. भाचा घरी नसताना चौथी फ्लॉपी न धुताच मी ड्राइव्हमध्ये घातली. खर्रर्र आवाज आला. बाहेर काढली, तर कडेजवळ पारदर्शक कडं! वरचा थर खरवडून गेला होता, आणि फाइलींची यादी नेमकी तिथल्याच ट्रॅकवर असते. भाचा रागावला नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

त्याने ती धुऊन उरलेला भाग उतरवून घेतला आहे. अर्ध्या-पाऊण पानाचे तुकडे मिळालेत, क्रम हरवलेला. मी ते छापून जेवणाच्या टेबलावर मांडतो आणि जुळवतो. एका तुकड्यात आजोळच्या विहिरीचं काहीतरी आहे, पण पुढचं वाक्य सापडत नाही. तुमच्यापैकी कुणाकडे दादाची त्या सुमाराची पत्रं असतील, तर जरूर कळवा.