संवर्धित वास्तव आणि पाठनिश्चय

प्रस्तुत विषय जुन्या कागदपत्रांच्या शोधकांस प्रथमदर्शनीं परका वाटण्याचा संभव आहे. परंतु एकाच ग्रंथाच्या चार पोथ्या समोर मांडून कोणता पाठ स्वीकारावा याचा ज्यांनीं खल केला आहे, त्यांच्याइतका या विषयाशीं निकट संबंध दुसऱ्या कोणाचा असेल असें मला वाटत नाहीं. 'ऑगमेंटेड रिॲलिटी', म्हणजे ज्यास आपल्याकडे संवर्धित वास्तव म्हणूं लागले आहेत, त्या साधनानें निसर्ग व संस्कृति यांविषयीं विद्यार्थ्यांसाठीं जीं दर्शनें रचिलीं जातात, त्यांच्या प्रामाण्याचा विचार येथें करावयाचा आहे.

साधनाचें स्वरूप थोडक्यांत सांगतों. डोळ्यांपुढील खरा देखावा कायम ठेवून फोनच्या पडद्यावर अगर चष्म्याच्या काचेंत त्यावर एक रचिलेलें चित्र असें बसवावयाचें कीं, पाहणारा हलला तरी चित्र जागचें हलूं नये. डोक्यावर बांधावयाचें असें पहिलें यंत्र अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यांनीं १९६८ सालीं दाखविलें. नांव मात्र १९९० च्या सुमारास बोइंग या विमानें बांधणाऱ्या कंपनींत पडलें. कोणती तार कोठें न्यावयाची हें कारागिरास समोर दिसावें, एवढाच तेथें हेतु होता.

मजला हा विषय सुचला तो एका किल्ल्यावर. त्याचें नांव येथें घेत नाहीं. तेथील वाड्याचें आज केवळ जोतें उरलें आहे. बरोबर सातवींत शिकणारा नातू होता. एका स्टुडिओनें शाळांसाठीं केलेलें दर्शन त्यानें फोनवर लावलें आणि जोत्यावर दुमजली वाडा उभा राहिला. सुरूचे खांब, महिरपी, छतास हंड्या-झुंबरें. दृश्य मोठें मनोहर होतें हें मान्य केलें पाहिजे. मीही काठी टेकून क्षणभर पाहतच राहिलों. मग संवयीप्रमाणें खांब मोजले ते बारा भरले. जोत्यावर तळखड्यांच्या खुणा मात्र सहाच स्पष्ट दिसतात. उरलेले सहा कशावरून घेतले, असें पुढें त्या मंडळींपैकीं एकास विचारलें तेव्हां 'अशा वाड्यांत असतातच' हें उत्तर मिळालें. तोंवर नातवानें वहींत 'वाड्यास बारा खांब होते' असें लिहूनही टाकलें होतें.

दोष एकट्या त्या मंडळींचा नाहीं. तो या साधनाच्या प्रकृतींतच आहे. याचें उत्तम उदाहरण ग्रीस देशांतील ऑलिंपिया हें होय. युरोपीय संघाच्या द्रव्यसाहाय्यानें 'आर्किओगाइड' नांवाचा जो उपक्रम २००० ते २००२ या वर्षांत चालला, त्याचें क्षेत्र हेंच होतें. प्रेक्षकानें पाठीवर संगणकाची पिशवी घ्यावी, डोळ्यांपुढें यंत्र बांधावें आणि भग्नावशेषांतून हिंडावें. तो उभा असेल तेथें त्यास जुनीं देवळें पूर्ववत् दिसत, आणि क्रीडांगणांत प्राचीन मल्लही दिसत. ओझें जड होतें. पण आज मुलांच्या खिशांत जें साधन आहे त्याचें हें पूर्वरूप म्हणावयास हरकत नाहीं.

आतां ऑलिंपिया येथील झ्यूस देवाच्या मंदिराचा विचार करूं. तें इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत बांधलें गेलें व पुढें भूकंपांनीं कोसळलें. १८७५ ते १८८१ या काळांत जर्मन विद्वानांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां पूर्वेकडील शिखरपट्टींतील मूर्ति तुटलेल्या अवस्थेंत पुष्कळशा हातीं आल्या. पण कोणती मूर्ति कोणत्या जागीं होती, हें त्या मूर्ति सांगत नाहींत. तें सांगतो पॉसेनियस हा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील ग्रीक प्रवासी. मध्यभागीं झ्यूस, त्याच्या उजवीकडे ईनोमाउस राजा व त्याची राणी, डावीकडे पेलॉप्स व हिप्पोडेमिया, असा त्याच्या वर्णनाचा आशय आहे. पण उजवीकडे म्हणजे देवाच्या उजवीकडे, कीं पाहणाऱ्याच्या? या एका शब्दावर विद्वानांनीं आजवर अनेक परस्परविरुद्ध मांडण्या सुचविल्या आहेत. आपल्याकडे मूर्तीचें वर्णन प्रत्यक्ष मूर्तीशीं जुळवून पाहतांना हाच घोळ कित्येक वाचकांनीं अनुभवला असेल.

ग्रंथकार अशा स्थळीं दोन्ही मतें देऊन मोकळा होतो. चित्रकारास तें करतां येत नाहीं. त्यास राजा एका बाजूस उभा करावाच लागतो. आणि एकदां उभा केला कीं पाहणाऱ्याच्या मनांत संशयास जागाच उरत नाहीं. अक्षरांपेक्षां डोळ्यांवर माणसाचा विश्वास अधिक. संदिग्ध पाठ येथें निश्चित पाठ होऊन बसतो, आणि तोही पाठभेद न देतां!

ही अडचण आपल्या विद्वानांनीं फार पूर्वीं ओळखली होती. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें जें कार्य १९१९ सालीं आरंभिलें व १९६६ सालीं पुरें केलें, तिच्या मूळ संहितेंत जेथें पाठ पुरेसा निश्चित नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ दिली आहे. डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं संपादिलेलें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. तें ज्यांनीं हाताळलें आहे त्यांस ती रेघ परिचित असेलच. संपादक पाठ निवडतो, पण आपण निवडला आहे हें लपवीत नाहीं.

चित्रांतही अशी रेघ कां नसावी? आधार असलेला भाग भरीव रंगांत आणि तर्कानें पुरविलेला भाग फिकट रेषांत दाखविणें या यंत्रास मुळींच अवघड नाहीं. किंबहुना बोट लावतांच त्या खांबाचा आधार समोर यावा, ही सोय छापील पुस्तकासही नाहीं. तत्त्वही नवें नव्हे. जुन्या वास्तूंच्या जीर्णोद्धाराविषयीं १९६४ च्या व्हेनिस येथील सनदेंत असें ठरलें कीं, जेथें तर्क सुरू होतो तेथें पुनर्रचना थांबावी. आणि संगणकानें केलेल्या पुनर्रचनेंत काय ज्ञात व काय अनुमित हें प्रेक्षकास कळावें, तसेंच निर्णयांची नोंद ठेवावी, अशी अपेक्षा २००६ च्या व पुढें २००९ सालीं सुधारलेल्या लंडन सनदेंत व्यक्त झाली आहे. सनदा आहेत, त्या वाड्याच्या दर्शनांत मात्र त्यांचा मागमूस नव्हता.

निसर्गविषयक दर्शनांत हा प्रश्न थोडा सौम्य होतो. वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या निसर्गसंग्रहालयानें २०१५ सालीं आपल्या अस्थिदालनासाठीं असेंच साधन काढलें. सांगाड्यापुढें फोन धरला कीं त्यावर मांस व कातडें चढतें आणि प्राणी हालचाल करूं लागतो. हाडें समोर असतात, बहुतेक प्राण्यांचे भाऊबंद जिवंत असतात. चित्रकाराची चूक पकडतां येते. ज्यांचा वंश बुडाला त्यांच्याविषयीं मात्र पुन्हां ग्रंथाकडेच यावें लागतें. बेरिंग बेटाजवळची महाकाय समुद्रगाय १७४१ सालीं स्टेलर यानें पाहिली आणि अवघ्या सत्तावीस वर्षांत ती नाहींशी झाली. तिच्या कातडीविषयीं जें सांगावयाचें तें मुख्यतः त्याच्या लिखाणावरूनच.

संग्राहकांच्या दृष्टीनें आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' या नांवानें दीपचित्रांचे खेळ सुरू केले. शंबर हा वेदांतील इंद्राचा शत्रु, पुढें मायावी म्हणून प्रसिद्ध. त्याची विद्या ती शांबरी. हातानें रंगविलेल्या काचांतून पौराणिक कथा पडद्यावर दाखवावयाच्या, असा तो खेळ. त्या काचा शतकाहून अधिक काळ टिकल्या, आणि काच उजेडासमोर धरली कीं चित्र आजही दिसतें. याच्या उलट, डेट्रॉइट येथील कलासंग्रहालयानें २०१७ सालीं गिडिगो या मंडळीकडून करविलेलें दर्शन पाहावें. प्राचीन ममीच्या आंतील अस्थि आणि बाबिलोनचें इश्तार द्वार त्यांत दिसे. ज्या 'टँगो' नामक यंत्रणेवर तें उभें होतें ती गूगल कंपनीनें १ मार्च २०१८ पासून बंद केली. पोथीस वाळवी लागावयास याहून पुष्कळ अधिक काळ लागतो.

म्हणून अशा प्रत्येक दर्शनाबरोबर साध्या कागदावर छापलेली एक आधारसूची असावी आणि तिची प्रत कोणत्या तरी ग्रंथसंग्रहांत ठेवावी, एवढी माझी सूचना आहे. सूचींत मोजमापें, ज्या कागदपत्रांवरून व नकाशांवरून काम केलें त्यांचा निर्देश, आणि काय कल्पिलें याची स्पष्ट कबुली, इतकें असलें तरी पुरे. यंत्र गेलें तरी ती मागें राहील.

किल्ल्यावरील वाड्याचें दर्शन करणाऱ्या मंडळींस मीं पत्र लिहून अशी सूची मागितली आहे. सोबत तळखड्यांची मोजमापें व जोत्याचा हातानें काढलेला आराखडाही धाडला आहे. उत्तर आल्यास तें पुढील अंकीं वाचकांस सादर करीन.