सळी, तार आणि दोरी

अक्कलकुव्याहून मोलगीला जाताना देवगोईचा घाट लागतो. चढताना गिअरची परीक्षा, उतरताना ब्रेकची. नवी गिअरची सायकल घेतलेल्या मामेभावाने परवा विचारलं, "दादा, सिंथेटिक दोरीच्या केबल मिळतात म्हणे. गंजत नाहीत. घालू का?" फोनवर एवढं सांगणं होईना, म्हणून इथे लिहितोय.

आजोबांच्या काळ्या सायकलीला केबल नव्हतीच, लोखंडी सळ्या होत्या. सळी ताणली जात नाही, पण वाकतही नाही. हा पेच अर्नेस्ट बाउडेन यांच्या १८९६च्या पेटंटने सोडवला. गुंडाळलेल्या तारेची पोकळ नळी आणि तिच्या आत सरकणारी वायर. आतली वायर ओढली जाते तेवढ्याच जोराने बाहेरची नळी उलट रेटली जाते. त्यामुळे हँडल कसंही वळवा, ओढ ब्रेकपर्यंत पोचतेच.

पिळाची तार त्याहून जुनी, आणि गंमत म्हणजे ती आली खाणीतून! जर्मनीतल्या हार्त्झच्या खाणींत साखळीची एक कडी तुटली की सगळा भार खाली. १८३४ साली विल्हेल्म आल्बर्ट यांनी लोखंडी तारा पिळून दोर केला. एक तार तुटली तरी बाकीच्या भार पेलतात. आपल्या दीड मिलिमीटरच्या ब्रेक वायरमागेही तोच विचार आहे.

आता दोरी. १९६५ साली ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून केवलारचा धागा निघाला. पुढे डायनीमा आला. वजनाच्या मानाने दोन्ही पोलादाहून कितीतरी बळकट. पण केवलारला उन्हाचा आणि सतत वाकण्याचा त्रास. डायनीमा इतका गुळगुळीत की स्क्रूखाली घसरतो, आणि सतत ताणाखाली हळूहळू लांबतो. गिअरची वायर कायम ताणलेलीच असते. १९८४ साली शिमानोचे 'टक्' आवाजाचे नेमके गिअर आल्यापासून तिथे मिलिमीटरभर ढिलाईही चालत नाही.

म्हणजे खरा प्रश्न बळकटीचा नाहीच. ब्रेकची पोलादी वायर हाताच्या जोराने सहसा तुटत नाही. ती गंजते, आणि लिव्हरपाशी वाकून वाकून एकेक तार सोडते. त्यावर उपाय साधा : स्टेनलेस वायर, आत प्लास्टिकचं अस्तर असलेली नळी, आणि पावसाळा संपला की तपासणी. एक जरी तार उसवलेली दिसली तरी वायर बदलायची.

तेव्हा भाऊराया, दोरी राहू दे. घाटात वजन वाचवण्यापेक्षा गावच्या दुकानात मिळेल अशी वायर बरी.