उच्च प्राथमिक शाळा : पट आणि गुणवत्ता

इयत्ता सहावी ते आठवी या स्तरास उच्च प्राथमिक शिक्षण म्हणतात. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या स्तरावर ३५ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक, तसेच विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे व भाषा यांसाठी किमान एकेक शिक्षक आवश्यक आहे.

लहान गावांत मात्र शिक्षकांची पदे पटावर ठरतात. महाराष्ट्र शासनाच्या १५ मार्च २०२४ च्या संचमान्यता निर्णयात या वर्गांचा पट २० पेक्षा कमी असल्यास शिक्षकपद मंजूर न करण्याची तरतूद होती. शिक्षक संघटनांनी तीस विरोध केला. विषयशिक्षक नसला की पालक मुलांचे दाखले काढतात आणि पट आणखी घसरतो.

गुणवत्तेचे चित्रही चिंताजनक आहे. 'असर' २०२४ अहवालानुसार ग्रामीण भारतातील आठवीच्या ७१.१ टक्के विद्यार्थ्यांना दुसरीच्या स्तराचा मजकूर वाचता आला; भागाकार मात्र ४५.८ टक्क्यांनाच जमला.

गावची शाळा बंद पडल्यास पहिला फटका मुलींना बसतो. ग्रामीण विद्यार्थिनींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा मोफत पास मिळतो. परंतु ज्या वाडीपर्यंत एसटीच पोहोचत नाही, तेथे तो निरुपयोगी ठरतो.