सनद खाकीची

वकिलाला सनद असते, हे आपल्याला माहीत आहे. डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदणीचा कागद चौकटीत लावलेला दिसतो. पण चौकात शिटी वाजवणाऱ्या पोलीस शिपायाच्या नावानेही असाच एक कागद निघालेला असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पोलिसाचा अधिकार त्याच्या खाकी कपड्यात किंवा हातातल्या काठीत आहे, अशी आपली समजूत. कायदा तसे म्हणत नाही. कायदा म्हणतो, अधिकार त्या कागदात आहे. आणि तो कागद परत घेता येतो.

आज या कागदाबद्दल बोलावेसे वाटते, त्याला कारण आहे. आमच्या वर्धा जिल्ह्यात कुठल्याही तालुक्याच्या गावाबाहेर पहाटे फिरायला निघा. आर्वी घ्या, देवळी घ्या, हिंगणघाट घ्या. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली रस्त्याच्या कडेने धावताना दिसतील. त्यांत शेतकऱ्यांची पोरे आहेत, मजुरांची आहेत, माझ्या वस्तीतलीही आहेत. कापसाचा भरवसा नाही, सोयाबीनचा नाही. सरकारी नोकरीचा आहे. मुलांना उंची १६५ सेंटिमीटर हवी, मुलींना १५५. मुलांसाठी १६०० मीटर धावणे, मुलींसाठी ८००, मग गोळाफेक, मग लेखी परीक्षा. सगळे मोजून घेतात, आणि ते घ्यायलाच हवे. पण रागावर ताबा किती, दुबळ्या माणसाशी हा तरुण कसा बोलेल, पैशाचे पाकीट समोर आले तर त्याचा हात कुठे जाईल, हे मोजणारी फीत अजून निघालेली नाही. ते शिकवावे लागते आणि नंतर पाहावे लागते. आपल्याकडे ते कसे शिकवले गेले, कोणी पाहिले, याचा इतिहास आमच्या जिल्ह्यातून फार स्पष्ट दिसतो.

मी कवी माणूस, बी. ए. पर्यंत शिकलेला. कायद्याचा पदवीधर नाही. त्यामुळे शब्दांच्या वाटेने आत शिरतो. पोलीस खात्यातले दोन जुने शब्द पाहा. एक फौजदार, म्हणजे फौज बाळगणारा. दुसरा हवालदार. ‘हवाला’ हा मूळचा अरबी शब्द. अर्थ सोपवणे, स्वाधीन करणे. ज्याच्या हवाली काही केले आहे, तो हवालदार. म्हणजे हे पद मालकीचे नाही, ठेव सांभाळण्याचे आहे. एका शब्दात दरारा आहे, दुसऱ्यात भरवसा. आपला पोलीस या दोन शब्दांमध्ये दीडशे वर्षांहून अधिक काळ उभा आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी १८६१ चा पोलीस कायदा केला. त्याच्या पुढच्याच वर्षी, १८६२ साली, नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. म्हणजे आमचा जिल्हा आणि ती पोलीस व्यवस्था जवळजवळ एका वयाची. लंडन शहरासाठी १८२९ साली उभा केलेला नागरी पोलीस इंग्रजांनी इथे आणला नाही. त्यांनी नमुना घेतला तो आयर्लंडच्या पोलिसांचा, म्हणजे जिंकलेल्या प्रजेला धाकात ठेवण्यासाठी घडवलेल्या दलाचा.

तरीही त्या कायद्याच्या आठव्या कलमात एक चांगली गोष्ट होती. नेमणूक होताच प्रत्येक पोलिसाला वरिष्ठांच्या शिक्क्याचे प्रमाणपत्र द्यायचे. त्या प्रमाणपत्रामुळेच त्याला पोलिसाचे अधिकार मिळणार. नोकरी संपली की ते रद्द, आणि ताबडतोब परत करायचे. कोठडीतल्या माणसावर विनाकारण हात टाकला तर शिक्षाही सांगितली होती : तीन महिन्यांच्या पगाराइतका दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. कागदावर हे सारे होते. पण लोकांशी कसे वागावे, म्हाताऱ्याशी, बाईशी, आजाऱ्याशी कसे बोलावे, याबद्दल पोलिसाच्या कर्तव्यांच्या कलमात ओळ नव्हती. हुकूम पाळा, बातमी काढा, गुन्हे रोखा, गुन्हेगार पकडा, एवढेच.

चाळीस वर्षांनी सरकारलाच त्याची फळे दिसली. १९०२ साली पोलिसांची स्थिती तपासायला आयोग नेमला गेला. त्याचे अध्यक्ष होते सर अँड्र्यू फ्रेझर. हे गृहस्थ आपल्या मध्य प्रांताचे चीफ कमिशनर राहिलेले, नागपूरचा कारभार जवळून पाहिलेले. त्यांच्या आयोगाने स्वतःच्याच सरकारला सांगितले की पोलिसांचे शिक्षण सदोष आहे, त्यांच्यावर देखरेख अपुरी आहे आणि लोक त्यांना लाचखाऊ व जुलमी समजतात. त्या सुमारास प्रांतोप्रांती पोलीस शाळा निघाल्या. आमच्या मध्य प्रांतासाठी १९०६ मध्ये सागरला शाळा सुरू झाली. त्याच वर्षी मुंबई इलाख्यासाठी पुण्याजवळ भांबुर्ड्याला शाळा निघाली आणि १९०९ मध्ये ती नाशिकला गेली. आजची नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. शाळा झाल्या, कवायत शिस्तीची झाली, कायद्याची कलमे पाठ होऊ लागली. मालक मात्र तोच राहिला, आणि पोलीस त्याच्याकडेच पाहत राहिला.

दुसरा विचार मांडला गेला तो आमच्याच जिल्ह्यातून. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या शेगावात राहायला आले. पुढे त्या गावाचे नाव सेवाग्राम झाले. दंगलींच्या काळात शांतता राखणाऱ्या पथकातला माणूस कसा असावा, याची यादीच त्यांनी जून १९३८ च्या ‘हरिजन’मध्ये दिली. त्याचे चारित्र्य निष्कलंक असावे. तो कोणाची बाजू घेत नाही, अशी त्याची ख्याती असावी. सर्व धर्मांबद्दल त्याला सारखा आदर असावा. वस्तीतल्या लोकांशी त्याची ओळख दंगल पेटण्याच्या आधीची असावी. आणि त्याचा वेश असा असावा, की गर्दीत तो चटकन ओळखू यावा. मग सप्टेंबर १९४० मध्ये त्यांनी थेट पोलिसांबद्दलच लिहिले. त्यांच्या कल्पनेतला पोलीस हा लोकांचा धनी नव्हता, सेवक होता. त्याच्याजवळ शस्त्र असले, तरी ते क्वचितच वापरले जाणार होते, कारण लोक आपण होऊन त्याला मदत करणार होते. ही साधुसंताची भाषा आहे, असे म्हणून आपण ती बाजूला ठेवतो. पण यादी पुन्हा वाचा. नि:पक्षपणा, चारित्र्य, ओळख, सहज ओळखू येणारा वेश. जगातल्या कुठल्याही चांगल्या पोलीस शाळेत आज हेच शिकवतात.

हे लिहून दोन वर्षे होत नाहीत, तोच याच जिल्ह्यात उलटे घडले. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. आष्टीला लोकांचा जमाव पोलीस ठाण्यावर गेला. गोळीबार झाला, गावकरी पडले. हुतात्म्यांमध्ये डॉ. गोविंद मालपे आहेत, तसे रशीद खानही आहेत. जमावाच्या हातून ठाण्यातले पोलीसही मारले गेले. आष्टीच्या हुतात्म्यांना आपण दरवर्षी वंदन करतो, ते योग्यच आहे. पण मला त्या शिपायांचाही विचार करावासा वाटतो. तेही कुणाच्या तरी घरची पोरे होती. त्यांच्या हाती जी सनद होती, ती त्यांना सरकारशी बांधत होती. समोर उभ्या असलेल्या माणसांशी नव्हे. त्या सनदेची किंमत दोन्ही बाजूंनी रक्ताने चुकवली.

त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमूरलाही उठाव झाला. त्यानंतर तिथे गेलेल्या शिपायांनी आणि सैनिकांनी बायकांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी आल्या. सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक जयकृष्ण भन्साळी उठले. त्यांची मागणी साधी होती : नि:पक्ष चौकशी करा. सरकार तयार होईना. ते पायी चिमूरकडे निघत, पोलीस त्यांना पकडून परत सेवाग्रामला आणून सोडत. त्यांचे उपोषण ६३ दिवस चालले आणि जानेवारी १९४३ मध्ये सुटले. मला या उपोषणाचे महत्त्व वेगळे वाटते. पोलीस चुकला तर त्याची चौकशी पोलिसांच्या मालकाने करायची की दुसऱ्या कोणी, हा प्रश्न एका निःशस्त्र माणसाने आपले शरीर पणाला लावून विचारला. तो प्रश्न आजही जुना झालेला नाही.

स्वातंत्र्यानंतर काय बदलले? बदलले, आणि तेही आपण विसरू नये. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आला. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेल्यावर तो आपल्याकडेही लागू झाला. आज त्याचेच नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे. त्याच्या चौदाव्या कलमात निरीक्षक आणि त्याखालच्या प्रत्येक पोलिसाला नियुक्तीचे प्रमाणपत्र आहे. नोकरी गेली की ते निरर्थक. निलंबन असेपर्यंत ते निष्प्रभ. पण खरी नवी गोष्ट आहे सहासष्टाव्या कलमात. रस्त्यात असहाय किंवा अपंग माणूस दिसला तर त्याला शक्य ती सगळी मदत करायची. अटकेतला माणूस जखमी वा आजारी असेल तर तातडीने उपचार मिळवून द्यायचे. त्याच्या अन्नाची आणि निवाऱ्याची सोय पाहायची. घराची झडती घेताना विनाकारण उद्धटपणा करायचा नाही. स्त्रिया आणि मुलांशी सभ्यतेने, सौम्यपणे वागायचे. १८६१ च्या कर्तव्यांत नसलेली ओळ ती हीच. हा उपदेश नाही; तो कायदा आहे. भरतीच्या प्रत्येक मुलाला तो पाठ असायला हवा. आणि खरे म्हणजे तो आपल्यालाही पाठ असायला हवा.

कलम आले म्हणजे वागणूक आली, असे मात्र होत नाही. १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला उभा राहिला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. सर्वोच्च न्यायालयाने सोडले. त्यावर १९७९ मध्ये चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलीस कोठडीतल्या बलात्कारासाठी वेगळी, कडक तरतूद आली. एका गरीब मुलीमुळे साऱ्या देशातल्या पोलिसांचा दंडक बदलला.

त्यानंतरचे टप्पेही असेच बाहेरून आले. खात्याने आपली आचारसंहिता १९६० च्या पोलीस प्रमुखांच्या परिषदेत स्वीकारली होती. आपल्या अधिकाराची मर्यादा ओळखा, न्यायाधीश बनू नका, असे त्यात स्पष्ट आहे. पण तिला दात आले ते न्यायालयामुळे. १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नाव स्पष्ट दिसले पाहिजे, अटकेचा कागद साक्षीदारासमोर झाला पाहिजे, घरच्यांना कळवले पाहिजे. हे नियम पुढे कायद्यात आले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहेत. २००६ मध्ये प्रकाश सिंह खटल्यात न्यायालयाने पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळी प्राधिकरणे उभारा, असे सांगितले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये त्यासाठी कायद्यात दुरुस्ती केली. भन्साळींनी मागितलेली गोष्ट, म्हणजे ‘दुसऱ्या कोणीतरी पाहावे’, कायद्याच्या पुस्तकात यायला सत्तर वर्षे लागली.

बाहेरच्या जगातही वाट सोपी नव्हती. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने पोलिसांच्या शिक्षणाचे दंडक ठरवणारा आयोग १९५९ मध्येच नेमला. पण गैरवर्तन करणाऱ्याचे प्रमाणपत्र काढून घेण्याचा अधिकार त्या आयोगाला मिळाला तो २०२१ च्या कायद्याने. तोपर्यंत एका गावात काढलेला पोलीस दुसऱ्या गावात पुन्हा बिल्ला लावू शकत असे. प्रमाणपत्र देणे सगळ्यांना जमते. ते परत घेण्याची वेळ येते, तेव्हा हात कचरतात.

आमच्या जिल्ह्यात नव्या शिपायाची पहिली परीक्षा कुठे होते, तेही सांगतो. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात दारूबंदी आहे. चारी बाजूंचे जिल्हे मात्र ओले. त्यामुळे हातभट्टी आणि बाहेरून येणारा माल यांच्याशी नव्या पोलिसाची गाठ पहिल्याच महिन्यात पडते. त्या वेळी त्याच्यासोबत ना शाळेचा उस्ताद असतो, ना पुस्तक. असतो तो ठाण्यातला ज्येष्ठ सहकारी. तो काय करतो, हे पाहून नवा मुलगा शिकतो. म्हणून शिकाऊ पोलिसाच्या नीतीची खरी शाळा पहिल्या ठाण्यात भरते आणि तिचा मुख्याध्यापक ठाणेदार असतो. चांगले ठाणेदार आपण पाहिलेले आहेत. त्यांची बदली झाली तर बाया निरोपाला ठाण्यात येतात.

मित्रहो, महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’. त्यातला क्रम पाहा. सज्जनाचे रक्षण आधी आहे, दुष्टाचा बंदोबस्त नंतर. पहाटे धावणाऱ्या आपल्या पोरांना घड्याळ लावून वेळ सांगणारे पुष्कळ आहेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी, शिक्षकांनी, भरतीचे वर्ग चालवणाऱ्यांनी त्यांना हा क्रमही सांगावा. सहासष्टावे कलम एकदा मोठ्याने वाचून घ्यावे. आणि ज्या दिवशी त्यांच्या नावाची सनद निघेल, त्या दिवशी पेढे वाटताना एवढे जरूर म्हणावे : बाळा, हे तुझ्या हवाली केलेले आहे, सांभाळ.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)