झेंडूची लागण आणि दसऱ्याची तिथी



दसऱ्याला आपण दाराला झेंडूचे तोरण बांधतो, अवजारांना आणि ट्रॅक्टरला माळ घालतो. हे फूल आपल्याच मातीतले, असे वाटते ना? पण झेंडूचे माहेर सातासमुद्रापलीकडे, मेक्सिको देशात आहे. त्या माहेरची हकीकत समजली, की लागण कधी करावी हेही समजते.

पाचशे वर्षांपूर्वी मेक्सिकोत अ‍ॅझ्टेक लोकांचे राज्य होते. झेंडूला ते 'वीसफूल' म्हणत, म्हणजे पुष्कळ पाकळ्यांचे फूल. देवकार्यात ते झेंडू वापरत आणि औषधालाही घेत. १५२१ साली स्पॅनिश लोकांनी त्यांची राजधानी जिंकली. राज्य गेले, फूल मात्र राहिले. आजही १ आणि २ नोव्हेंबरला तिथली माणसे पूर्वजांची आठवण करतात आणि घरात, स्मशानात झेंडूची आरास मांडतात.

मेक्सिको शहराचा मुलूख समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंच, म्हणजे आपल्या महाबळेश्वराहूनही बराच उंच. तिथे हिवाळ्यात दहिवर गोठते, आणि गोठलेले दहिवर झेंडूला सोसत नाही. एका रात्रीत पाला काळा पडतो. म्हणून तिथला शेतकरी पावसाळ्यात बी पेरतो आणि कडक थंडीच्या आत फुले तोडतो. झाडाचा स्वभावही तसाच आहे. दिवस लहान होऊ लागले, की मोठ्या झेंडूला कळ्या लवकर धरतात.

स्पॅनिश लोकांनी झेंडू युरोपात नेला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आपल्याकडे आला, असे मानतात. बियाण्याच्या पाकिटावरच्या 'आफ्रिकन' आणि 'फ्रेंच' या नावांनी फसू नका. दोन्हींचे मूळ अमेरिकाखंडातलेच.

युरोपात थंडीच या फुलाची मालक. ती सरल्यावर रोप बाहेर लावायचे आणि शरदात ती परतली की बाग संपली. आपल्याकडे निफाडसारख्या भागातल्या काही कडाक्याच्या रात्री सोडल्या, तर ही धास्ती नाही. झेंडू तिन्ही हंगामांत घेता येतो. मग तारखेची फिकीर कशाला, असे म्हणाल. तर मंडळी, थंडी आपल्याला बांधत नाही, पण बाजार बांधतो.

मेक्सिकोचा सण दरसाल त्याच तारखेला येतो, म्हणून त्यांची पेरणीही ठरलेली. आपला दसरा तिथीवर चालतो. २०२४ साली तो १२ ऑक्टोबरला आला, २०२५ साली २ ऑक्टोबरला, आणि २०२६ सालचा २० ऑक्टोबरला, कारण मध्ये धोंड्याचा महिना. २०२४ ची तारीख धरून ज्याने २०२५ ला लागण केली, त्याच्या कळ्या दसऱ्याला मिटलेल्याच राहणार. २०२५ ची तारीख २०२६ ला धरली, तर पहिली टपोरी फुले पितृपक्षात उमलणार. दोन्हीकडे घाटा आपलाच!

तेव्हा गेल्या सालची तारीख विसरा. पंचांग काढा आणि दसऱ्यापासून उलटे मोजा. लागणीनंतर ६० ते ६५ दिवसांत फुले सुरू होतात. बहर भरात यावा म्हणून दसऱ्याआधी ६५ ते ७० दिवस लागण करा. त्याच्या २५ ते ३० दिवस आधी गादीवाफ्यावर बी टाका. २०२६ च्या हिशेबाने बी १२ ते २२ जुलैला आणि लागण ११ ते १६ ऑगस्टला. जातीप्रमाणे चार दिवस मागेपुढे होतील. शेंडा खुडला, तर फुटवे वाढतात पण बहर लांबतो. लागणीला उशीर झाला असेल, तर शेंडा खुडू नका.

सगळे रान एकाच दिवशी लावू नका. थोडे रान दहा-बारा दिवसांनी लावा, म्हणजे दिवाळीलाही ताजा माल हाती राहील. फूल चालते सूर्याच्या हिशेबाने, सण चालतो चंद्राच्या. या दोघांची गाठ घालून देणे, हे शेतकऱ्याचे काम.