शेकोटी आणि गार वारा: एका घरगुती प्रश्नाचा इतिहास

विचारांच्या इतिहासाबद्दल बोलताना आपण बहुधा मोठ्या कल्पनांकडे वळतो. आज मात्र आपण घरातली एक साधी अडचण घेणार आहोत. थंड देशांत भिंतीत बांधलेली लाकडाची शेकोटी, म्हणजे फायरप्लेस, पेटवली की खोलीत गार वारा का शिरतो? आणि तो थांबवायचा कसा? प्रश्न लहान दिसतो. पण त्याचं उत्तर चुकलं तर जीवावर बेतू शकतं, म्हणून त्याला थोडा वेळ देऊ या.

आधी मूळ गोष्ट समजून घेऊ. गरम हवा हलकी होऊन धुराड्यातून वर जाते आणि जाताना खोलीतली हवा ओढून नेते. जळणाला जेवढी लागते त्याच्या कितीतरी पट जास्त. आता खोली काही रिकामी राहत नाही. जेवढी हवा वर गेली तेवढी बाहेरून आत येणारच, दाराखालून, खिडकीच्या फटीतून. म्हणजे बघा, हा गार वारा शेकोटी स्वतःच बोलावते. आग मोठी केली की वाराही वाढतो. पोट भाजतं आणि पाठ गारठते!

जर्मन भाषक प्रदेशात यावर वेगळी तोड होती: चहूबाजूंनी बंद असलेली भट्टी. १५८० साली प्रवासाला निघालेल्या मॉन्तेन या फ्रेंच विचारवंताने एक गंमत नोंदवली आहे. फ्रेंच लोक जे आक्षेप जर्मन भट्टीवर घ्यायचे, तेच आक्षेप आउग्सबुर्गच्या एका जर्मन माणसाने फ्रेंच शेकोटीवर घेतले. सवयीला आपण तर्क समजतो, ते असं. देकार्तच्या लेखनात तर दोन्ही सोयी भेटतात. १६१९च्या हिवाळ्यात तो जर्मनीत भट्टीने उबदार झालेल्या खोलीत एकटा विचार करत बसला होता, असं तो १६३७च्या ग्रंथात सांगतो. आणि १६४१च्या ‘मेडिटेशन्स’मध्ये तो शेकोटीजवळ बसलेला आहे. तत्त्वज्ञानालाही ऊब लागतेच की.

फ्रान्समध्ये १७१३ साली निकोला गोजे याने या प्रश्नावर एक पुस्तकच लिहिलं. त्याचा विचार सरळ होता. हवा आत येणारच असेल तर तिला फटींतून कशाला येऊ द्यायची? शेकोटीच्या मागच्या पोकळ जागेतून फिरवून, तापवूनच ती खोलीत सोडावी. प्रश्नाची मांडणीच इथे बदलली. वारा कसा अडवायचा याऐवजी हवा कुठून आणायची, असं विचारलं गेलं.

हाच धागा बेंजामिन फ्रँकलिनने उचलला. १७४४ साली फिलाडेल्फियात त्याने आपल्या नव्या शेगडीची पुस्तिका छापली. बिडाच्या पत्र्यांची ही शेगडी जुन्या शेकोटीत बसवायची. बाहेरची हवा जमिनीखालून तिच्या पोकळ पेटीत येऊन तापायची आणि मग खोलीत जायची. राज्यपालांनी पेटंट देऊ केलं, ते त्याने नाकारलं. इतरांच्या शोधांचा आपण फायदा घेतो, तर आपला शोधही लोकांना मोकळेपणाने द्यावा, असं त्याचं म्हणणं. यंत्रात मात्र एक उणीव होती. धुराला आधी खाली उतरून मग धुराड्यात जावं लागे, आणि आग मंद असली की तो नीट ओढला जात नसे.

याच फ्रँकलिनने १७८५मध्ये इंगेनहाउझ यांना धुराच्या त्रासाविषयी एक लांबलचक पत्र लिहिलं. नव्या, घट्ट बांधणीच्या घरात शेकोटी धुमसते, कारण तिला हवाच मिळत नाही, हे त्यात आहे. दार किंचित उघडा. धूर थांबला तर कारण सापडलं. म्हणजे सगळ्या फटी बुजवल्या की वारा जातो आणि धूर येतो. एकाच नाण्याच्या दोन बाजू. आपल्याकडे कौलारू घरातल्या चुलीपाशी वाऱ्याचं दुखणं नव्हतं; तिथे धूर होता, आणि तो डोळ्यांनी नि छातीने बायकांनी सोसला.

पुढे रम्फर्डने १७९६च्या निबंधात वेगळी वाट दाखवली. शेकोटीची मागची भिंत पुढे घ्या, बाजू तिरक्या करा आणि धुराड्याचा गळा चार इंचांपर्यंत अरुंद करा. धूर जातो, पण खोलीतली गरम हवा फुकट जात नाही. जुन्या शेकोटीच्या पोटात नवी, लहान शेकोटी बांधायची, एवढंच त्याचं काम.

आजचा इन्सर्ट हा या सगळ्यांचा वंशज. काचेचं दार असलेली ही लोखंडी पेटी जुन्या शेकोटीत सरकवतात. ती हवा कमी खाते. पण तिच्याभोवती जुनी पोकळी आणि वर जुनं रुंद धुराडं तसंच राहतं. त्यातून गार हवा खाली उतरते आणि पेटीच्या कडेने खोलीत येते. पुष्कळ जण समोरच्या फटीत काहीतरी कोंबतात. खरा उपाय वर आहे: पेटीची नळी धुराड्याच्या टोकापर्यंत न्यायची, तिथे भोवतालची जागा बंद करायची, आणि खाली धुराड्याच्या गळ्याशी नळीभोवती पोलादी पत्रा बसवून त्यावर न जळणारी खनिज लोकर घालायची. फोम किंवा कापूस तिथे चालत नाही.

आणि पेटीची स्वतःची हवेची वाट कधीही बुजवायची नाही. घट्ट घरात स्वयंपाकघरातला पंखा जोरात चालला तर धुराड्यातली हवा उलटी फिरू शकते. त्याबरोबर येणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. म्हणून त्याची सूचना देणारं यंत्र घरात हवंच.

तेव्हा गार वारा लागला की आपण आधी विचारू या, ही हवा कुठून येते आणि कुठे निघाली आहे? फट बुजवायची की वाट करून द्यायची, ते मग ठरवता येतं. आजच्यापुरतं इथेच थांबू. प्रश्न असतील तर आता घेऊ या.