हाफकिन लस (प्लेगप्रतिबंधक)

हाफकिन लस (प्लेगप्रतिबंधक) : गाठीच्या प्लेगवरील मृत जंतूंची लस. वॉल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) यांनी ती मुंबईत तयार केली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगश यांनी प्लेग ओळखला. पटकीच्या लशीसाठी हिंदुस्थानात आलेले हाफकिन ऑक्टोबरात मुंबईस पोचले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील तोकडी जागा, एक कारकून आणि तीन शिपाई एवढ्यावर काम सुरू झाले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस स्वतःस टोचून घेतली.

कृती : बकऱ्याचे मांस बारीक करून हायड्रोक्लोरिक अम्लाने पचवीत व त्याचा रसा चंबूत भरीत. गोमांस व डुकराचे मांस लोकभावनेमुळे वर्ज्य होते. रशावर तुपाचे किंवा खोबरेलाचे थेंब सोडीत. जंतू थेंबांच्या खालच्या अंगास धरत आणि वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत वाढत. चंबू हलवला की पारंब्या गळून तळाशी बसत, वर नव्या फुटत. पाच-सहा आठवडे असे पीक घेऊन रसा ६५–७०° से.ला तासभर तापवीत व त्यात कार्बॉलिक अम्ल घालीत. लशीच्या हकिगतींत तुपाचा हा थेंब सहसा गाळला जातो. भरघोस पिकाची युक्ती मात्र त्यातच होती.

कार्य : मृत जंतूंतील प्रतिजन भक्षी कोशिका टिपतात व लसीका ग्रंथींत नेतात. तेथे प्रतिपिंडे घडवणाऱ्या कोशिका तयार होतात. काही कोशिका ओळख राखून मागे उरतात. पुढे पिसवाच्या दंशातून खरा जंतू शिरला, तर जांघेतली वा काखेतली ग्रंथी त्याच्याशी झुंजायला आधीच सज्ज असते. टोचल्यावर ताप येतो, दंड सुजतो. संरक्षण काही महिनेच टिकते. फुप्फुसाच्या प्लेगमध्ये त्याचा भरवसा नाही.

परिणामकारकता : जानेवारी १८९७ अखेरीस भायखळा तुरुंगात चाचणी झाली. टोचलेल्यांत रोगी व मृत्यू कमी आढळले. पण ते कैदी आपणहून पुढे आलेले असल्याने दोन्ही गट सारखे होते असे म्हणता येत नाही.

मलकोवाल प्रकरण : १९०२ मध्ये पंजाबातील मलकोवाल येथे लस घेतलेल्या १०७ जणांपैकी एकाच बाटलीतून टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. बाटली प्रयोगशाळेत दूषित झाली की गावात उघडताना, यावर वाद झाला. १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले.

संस्था : परळ येथील प्रयोगशाळा (१८९९) १९२५ पासून हाफकिन इन्स्टिट्यूट.

(पहा : प्लेग, लस.)